यंदा थीम पार्क नको, असे ठरल्यावर

सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरात बरीच वर्षे कुणी विचारतच नसे. शाळेच्या तारखा कळल्या की त्याच थीम पार्कचे आरक्षण होत असे. कोणत्या राइडकडे सकाळी दार उघडताच धावायचे, कोणती दुपारच्या उन्हात करायची, परेड कोणत्या वळणावरून नीट दिसते आणि सासूबाईंना सावलीतले बाक कुठे हमखास मिळते, हे सगळे आम्हाला तोंडपाठ होते. त्या पार्कबद्दल माझी काही तक्रार नाही. कुटुंबातल्या सहा वर्षांच्या आणि सत्तर वर्षांच्या माणसाला एकाच दिवशी, एकाच आवारात खूश ठेवणे किती अवघड असते हे ज्याला ठाऊक आहे, तो थीम पार्कला सहसा नावे ठेवणार नाही.

तरीही जागा बदलायची वेळ आली, आणि त्याचे कारण माझ्या मते उंचीची पट्टी हे होते. मोठ्या राइडच्या दाराशी एक खांब असतो. त्यावर एकशे दोन किंवा एकशे बावीस सेंटिमीटरवर रेघ मारलेली असते, आणि तिथला कर्मचारी मुलाच्या डोक्यावर हात आडवा धरून ते मूल त्या रेघेला पोहोचते का हे पाहतो. आमचा धाकटा त्या खांबाला पाठ लावून मान ताणून उभा राही, हळूच टाचा उचली, आणि "टाचा खाली" असे ऐकले की पुन्हा खाली टेकवी. दर वर्षी त्याला एखादी नवी राइड खुली होत असे. त्यामुळे पार्क तेच असले तरी त्याच्यासाठी ते दर वर्षी थोडे वेगळे असे. शेवटची रेघ ओलांडून झाल्यावर तिथे त्याला नवे असे काही उरले नाही. मोठी मुलगी तर त्याच्या आधीपासूनच फोनमध्ये डोके घालून रांगेत उभी राहू लागली होती.

सोडणे सोपे मात्र नव्हते. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८८ साली एका शोधनिबंधात दाखवून दिले होते की, पर्यायांपैकी एखादा 'सध्या चालू असलेला' म्हणून समोर ठेवला की माणसे त्यालाच चिकटून राहण्याकडे झुकतात. सुट्टीच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडले जाते : थीम पार्क आपल्या वतीने असंख्य निर्णय आधीच घेऊन ठेवते. आत शिरायची वाट बहुधा एकच असते, तिच्या टोकाला किल्ला किंवा डोंगर असे काहीतरी उंच दिसते, त्यामुळे कुणी न सांगताही पावले तिकडे वळतात. प्रत्येक राइडपुढे किती मिनिटे थांबावे लागेल हे फलकावर लिहिलेले असते, आणि रात्री आतषबाजी झाली की दिवस संपला हेही सगळ्यांना एकदमच कळते. नव्या ठिकाणी ही सगळी कामे घरातल्या एकाच माणसावर येऊन पडतात, आणि तो माणूस कोण हे बहुतेक घरांत ठरलेलेच असते. आमच्या घरात ती मी.

म्हणून पाहण्यासारख्या स्थळांची यादी समोर घेऊन बसण्याआधी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : पार्कमधली फक्त एक गोष्ट ठेवायची असेल, तर कोणती ठेवाल? "तुला काय आवडतं?" असे विचारले की मुले "सगळंच" म्हणतात आणि चर्चा तिथेच संपते, या प्रश्नाला मात्र प्रत्येकाचे वेगळे उत्तर आले. धाकट्याला लाल डोंगरांमधून धावणारी खाणीतली आगगाडी हवी होती. मुलीला संध्याकाळी दिवे लागल्यावरचा किल्ला हवा होता, तोही बाहेरूनच. नवऱ्याला सुट्टीत गाडी चालवावी लागत नाही एवढेच पुरेसे होते. सासूबाई म्हणाल्या, "मला बाई बाकावर बसून येणारी-जाणारी माणसं बघायला आवडतात, तुमचे ते पाळणे काय करायचेत मला?" एवढ्या वर्षांत आम्ही त्यांना एकटे बसावे लागू नये म्हणून आळीपाळीने त्यांच्याजवळ थांबत होतो, त्यांची सुट्टी त्या बाकावरच छान चालली होती.

हे कळल्यावर शोध सोपा झाला, कारण मोठ्या थीम पार्कांमधल्या बऱ्याच गोष्टी जगात कुठे ना कुठे असलेल्या खऱ्या जागांवरून घेतलेल्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधल्या झोपलेल्या राजकन्येच्या किल्ल्यामागे जर्मनीतल्या नॉयश्वानस्टाइनची प्रेरणा आहे. तिथेच १९५९ साली उभारलेला मॅटरहॉर्न हा स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या मूळ डोंगराच्या सुमारे एक शतांश उंचीचा आहे, आणि १९७९ साली सुरू झालेल्या बिग थंडर माउंटन या खाणीतल्या आगगाडीच्या राइडच्या लाल सुळक्यांमागे अमेरिकेच्या युटा राज्यातले ब्राइस कॅन्यन आहे. साहजिकच मला वाटले की, नक्कल आवडली आहे तर मूळ जागा दाखवावी. पण मूळ जागा नेहमीच नकलेपेक्षा सरस ठरते असे नाही, हे या शोधात पहिल्यांदा नीट लक्षात आले.

किल्ल्याचेच पाहा. नॉयश्वानस्टाइनचे बांधकाम १८६९ साली सुरू झाले, राजा दुसरा लुडविग १८८६ साली वारला आणि त्याच वर्षी तो लोकांसाठी खुला करण्यात आला. आतल्या खोल्यांपैकी पूर्ण सजवून झालेल्या अगदी थोड्या आहेत. तिकिटावर ठरलेली वेळ असते, मार्गदर्शकाबरोबरची फेरी साधारण अर्ध्या तासात आटोपते आणि आत छायाचित्रे काढता येत नाहीत. कर्जात बुडालेल्या, एकान्तप्रिय राजाची ती विलक्षण गोष्ट ज्याला जाणून घ्यायची आहे, त्याने तिथे अवश्य जावे. पण माझ्या मुलीला हवा होता तो बाहेरून, तिन्हीसांजेला, ठरलेल्या जागेवरून दिसणारा किल्ला. त्या कामासाठी पार्कमधला किल्ला मुद्दाम घडवलेला असतो. फ्लोरिडातल्या सिंड्रेलाच्या किल्ल्याची उंची १८९ फूट, म्हणजे सुमारे ५८ मीटर आहे. त्याच्या भिंतींवरचे दगड आणि खिडक्या वरच्या बाजूला लहान लहान होत जातात, त्यामुळे खाली उभ्या असलेल्या माणसाला तो आहे त्याहून बराच उंच भासतो. लुडविगला असल्या युक्तीची गरज नव्हती, त्याच्या हाताशी आल्प्सचा कडा होता. मुलीला दोन्ही समजावून सांगितले, आणि तिने स्वतःच जर्मनीचा बेत पुढच्या एखाद्या वर्षासाठी राखून ठेवला.

मॅटरहॉर्नचा विचार वेगळ्या कारणाने मागे पडला. ४,४७८ मीटर उंचीचा तो सुळका पाहण्यासाठी झेरमाट गावात राहावे लागते. गावात पेट्रोलच्या मोटारी चालत नाहीत, ही नवऱ्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. १८९८ पासून चालू असलेली दात्यांच्या रुळांची गाडी तिथून थेट ३,०८९ मीटरवरच्या गोर्नरग्राटला नेते. मात्र एवढ्या उंचीवर थोड्या वेळात पोहोचणे सासूबाईंच्या प्रकृतीला मानवेल याची खात्री नव्हती. शिवाय हा डोंगर ढगांत गेला की डोळ्यांना दिसतच नाही. मुक्कामाचे सगळे दिवस ढगांत गेले तर धाकट्याची समजूत घालण्याची तयारी माझ्याकडे नव्हती.

शेवटी ब्राइस कॅन्यन ठरले. त्या लाल-केशरी सुळक्यांना तिथे हूडू म्हणतात. दिवसा वितळलेल्या बर्फाचे पाणी खडकाच्या भेगांत उतरते, रात्री गोठते, गोठताना फुगते आणि भेग रुंदावते. वर्षाकाठी शंभराहून अधिक वेळा हे घडते, आणि त्यातून आधी खडकाच्या भिंती, मग भोके आणि शेवटी सुटे सुळके तयार होतात. मी हे वाचून गेले होते. धाकट्याने कड्यावर उभे राहून पहिला प्रश्न विचारला तो असा : "आई, गाडी कुठनं सुटते?" गाडी नाही, खाली चालत जायचे आहे, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. ब्राइसचा कडा समुद्रसपाटीपासून २,४०० मीटरपेक्षा उंच आहे, त्यामुळे खाली उतरताना मजेत गेलेली वाट वर येताना प्रत्येक वळणावर थांबवते. सासूबाई वर कड्याजवळच्या बाकावर होत्या, आणि त्यांना हव्या तितक्या येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची तिथे अजिबात वाण नव्हती.

धाकट्याचा दिवस सावरला तो एका पुस्तिकेने. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये मुलांसाठी ज्युनियर रेंजर नावाचा उपक्रम असतो. माहिती केंद्रात पुस्तिका मिळते, तिच्यात निरीक्षणे नोंदवायची, चित्रे काढायची, प्रश्नांची उत्तरे शोधायची. पूर्ण झाली की रेंजर ती पान उलटून तपासतो, मुलाला शपथ देतो आणि बिल्ला लावतो. आमच्या रेंजरबाईंनी पुस्तिका चांगली पाच मिनिटे वाचली. एका पानावर धाकट्याने बर्फाने खडक फुटतो असे दाखवताना ढगातून हातोडा पडतोय असे काढले होते, त्यावर त्यांनी गंभीरपणे विचारले, "हातोड्याला किती वर्षं लागतील असं तुला वाटतं?" तो बराच वेळ विचार करत राहिला. उंचीच्या पट्टीचे काम ती पुस्तिका करत होती, हे मला तिथेच उमगले. मुलाला तिथे काहीतरी पार करायला हवे असते आणि ते पार केल्याचे कुणीतरी अधिकाराने सांगायला हवे असते. नव्या ठिकाणी मुले कंटाळतात ती बहुधा याच्या अभावी.

रांगेच्या बाबतीत मला सर्वांत मजा वाटली ती पुढे यलोस्टोनमध्ये. १८७२ साली स्थापन झालेल्या या उद्यानातला ओल्ड फेथफुल हा उष्ण पाण्याचा फवारा साधारण दीड तासाच्या अंतराने उसळतो, आणि पुढची वेळ काय असेल याचा अंदाज फलकावर लिहिलेला असतो. आधीचा फवारा किती वेळ चालला यावरून तो अंदाज बांधतात : थोडक्यात आटोपला असेल तर पुढचा लवकर येतो, लांबला असेल तर पुढच्याला जास्त वेळ लागतो. वर त्यात दहा मिनिटांची मागे-पुढे मोकळीक. पार्कमध्ये वाढलेल्या आमच्या मुलांना फलक, वेळ आणि वाट पाहणे हे सगळे ओळखीचे होते. फरक एवढाच की जास्त पैसे भरून इथे कुणाला पुढे जाता येत नाही, आणि अर्धवर्तुळात मांडलेल्या बाकांवर सगळे एकदमच बसतात. सांगितलेली वेळ टळून गेल्यावर धाकट्याने घड्याळ दाखवून हरकत घेतली. शेजारच्या एका आजोबांनी त्याला सांगितले की तक्रार जमिनीखाली करावी लागेल.

अडचणी आल्याच. गाडी चालवण्याचे तास नवऱ्याला जड गेले, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. आतषबाजी नसल्यामुळे दिवस कधी संपवायचा हे कळेना. मग आम्ही रोज अंधार पडल्यावर अर्धा तास बाहेर बसून तारे पाहायचे ठरवले, कारण ब्राइसमध्ये आसपास शहरांचा उजेड नसल्याने ते विलक्षण स्पष्ट दिसतात. खर्च फारसा वाचला नाही, एवढे सांगून तो विषय सोडते.

जे कुणी असा बदल करू पाहत असतील त्यांना एका गोष्टीबद्दल आवर्जून सांगावेसे वाटते, ती म्हणजे ऋतू. मोठी थीम पार्के बहुतेक वर्षभर चालू असतात, त्यामुळे सुट्टी मिळेल तेव्हा निघायची सवय लागते. यलोस्टोनमधले बहुतेक रस्ते हिवाळ्यात खासगी मोटारींना बंद असतात, ब्राइसच्या खालच्या वाटांवर बर्फ साचतो, झेरमाटच्या काही पायवाटा उन्हाळा बराच पुढे सरकेपर्यंत उघडत नाहीत. म्हणून आधी सुट्टी कधी आहे ते पाहावे आणि त्या महिन्यात जी जागा चांगली असेल ती निवडावी. उलट क्रमाने गेलात तर निम्मे बेत आरक्षणापाशीच अडतील. दुसरे असे की चार वर्षांखालची मुले बरोबर असतील तर त्यांच्या आठवणींसाठी जागा निवडू नये. एवढ्या लहान वयातले मोठेपणी बहुतेकांना काही आठवत नाही. त्या वर्षांत मोठ्यांनी स्वतःला आवडेल तिथे खुशाल जावे.

आता पुढच्या सुट्टीची चर्चा सुरू आहे, आणि धाकट्याने अत्यंत धूर्त प्रस्ताव मांडला आहे : कोपनहेगनमधले तिवोली. ते १८४३ सालापासून चालू आहे, वॉल्ट डिस्ने स्वतःचे पार्क उभारण्याआधी ते पाहायला गेला होता, आणि तिथली १९१४ सालची लाकडी राइड अजून धावते, जिच्या प्रत्येक गाडीत एक ब्रेकवाला माणूस बसलेला असतो, ही सगळी माहिती त्याने स्वतः शोधून काढली. "ते थीम पार्कच आहे ना रे?" असे बहिणीने विचारल्यावर त्याने "पण नवीन आहे" असे उत्तर दिले, ज्यावर कुणालाच काही बोलता येईना. तिवोली मुख्य रेल्वे स्थानकासमोर, शहराच्या मधोमध आहे. त्यामुळे अर्धा दिवस तिथे घालवून उरलेले दिवस शहरात काढता येतील, गाडी चालवावी लागणार नाही, आणि बागेत बाकेही आहेत. मुलीने अट घातली आहे की आत जायचे ते संध्याकाळी, दिवे लागल्यावरच.