गड दिसत नाही तोवर

छत्री घेऊन गडावर जाऊ नये, असं मला आई सोडून सगळ्यांनी सांगितलं होतं. आईनं मात्र दारातून एकच प्रश्न विचारला, "छत्री घेतलास काय?" आमच्या घरात या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देऊन अजून कोणी उंबरठा ओलांडलेला नाही. मीही ओलांडला नाही.

जायचं होतं राजहंसगडावर, म्हणजे येळ्ळूरच्या किल्ल्यावर. बेळगावकराला या गडाचं अप्रूप नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना दक्षिणेकडे मान वळवली की तो दिसतो, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे आपण मुद्दाम जात नाही. आता तर थेट दारापर्यंत डांबरी रस्ता झालाय, गाडी वर जाते. पण सुट्टीला पुण्याहून आलेल्या भाच्याला 'ट्रेक'च करायचा होता. तेव्हा गाडी येळ्ळुरात ठेवली आणि शिवारातून चालत निघालो. पुनर्वसूचा पाऊस चालू होता, ज्याला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात. त्याच्या मागून येणारा पुष्याचा, तो म्हातारा. तरणा कसा असतो ते छत्रीला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. उघड्या माळावर एक वारा असा आला की ती उलटी होऊन आभाळाकडे वाडगं धरल्यासारखी झाली. सुलट केली तेव्हा दोन काड्या लोंबत होत्या.

येळ्ळूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला 2014 साली हटवलेला 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' असा तो फलक आठवतो. मला मात्र भात आठवतं. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ हे सगळं शिवार बेळगाव बासमतीचं. शिजायला लागला की शेजारच्या घराला कळावं असा हा तांदूळ. भात काढलं की त्याच काळ्या जमिनीत मसूर. बळ्ळारी नालाही याच शिवारातला. त्याला उन्हाळ्यात कोणी विचारत नाही, आणि जुलैत तो कोणालाच विचारत नाही, थेट भातात शिरतो. त्या दिवशी तो बांधाच्या आत होता, एवढंच. आम्ही जपून ओलांडला.

चढ फार नाही. निसरडं मात्र होतं. भाचा दोनदा पडला, मी एकदाच; पण माझं पडणं जास्त वेळ चाललं.

दारातून आत शिरलो तर गड गायब. हात लांब केला तर तटाचे काळे दगड लागत होते, म्हणून गड आहे म्हणायचं. सिद्धेश्वराच्या देवळाची घंटा कोणीतरी वाजवली, तेव्हा देऊळ कुठल्या बाजूला आहे ते कळलं. महाराजांचा पुतळाही धुक्यात बुडाला होता, फक्त चौथरा दिसत होता. याच पुतळ्याचं 2023 च्या मार्चमध्ये काही दिवसांच्या अंतरानं दोनदा अनावरण झालं होतं. दोन पक्ष, दोन मुहूर्त. त्या सकाळी धुक्यानं तो पुन्हा झाकला होता. तिसऱ्या अनावरणाला कोणाचीच गर्दी नव्हती.

"मामा, बेळगाव कुठल्या बाजूला?" भाच्यानं विचारलं. त्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायचा होता. मी ठामपणे छत्रीनं दिशा दाखवली. तेवढ्यात धुकं घडीभर फाटलं आणि त्या बाजूला खानापूरकडचे काळेकुट्ट डोंगर निघाले. भाचा काही बोलला नाही. चांगल्या वळणाचा मुलगा आहे.

चूक झाली खरी, पण ती बाजू बघण्यासारखीच होती. आमच्या जिल्ह्याचा सगळा पाऊस त्या डोंगरांत अडकतो. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे चालू लागते, ती थेट कृष्णेला मिळेपर्यंत. खानापूर तालुक्यातल्या आमगावात 2010 साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, आणि याच जिल्ह्यातल्या अथणीकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात. एकच जिल्हाधिकारी, पण आभाळं वेगळी. येळ्ळूरची ही टेकडी या दोन आभाळांच्या मध्ये उभी आहे.

भाच्याला वाटलं, फुकट आलो. गड म्हणजे लांबचं बघायची जागा, आणि इथं स्वतःचे बूटसुद्धा धड दिसत नव्हते. त्याचं चुकलं नव्हतं. बेळगावचा किल्ला भुईकोट. रट्टांच्या बिचीराजानं तो 1204 मध्ये बांधला. खंदक खोल असला तरी सपाटीवरच्या किल्ल्याला नजर कुठून असणार? ती अशा उंच गडानं पुरवायची. मग पावसाळ्यात गडाची नजरच गेली तर पहारेकऱ्यांनी करायचं काय? पण तेव्हा शत्रूचेही पाय चिखलात असायचे. मोहिमा निघायच्या दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर. (सीमा हा शब्द आमच्याकडे जपून उच्चारावा लागतो, पण दसऱ्याला चालतो.) तोवर चार महिने गडानं डोळे मिटले तरी चालत असावं.

मिटलेल्या डोळ्यांनी गड एक काम मात्र करत असतो. पाणी साठवतो. आधी पाणी बघावं, मग किल्ला बांधावा, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असं रामचंद्रपंत अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. गडावरच्या विहिरीत डोकावलो तेव्हा पंतांचं म्हणणं डोळ्यांपुढे होतं. तटावरून, झाडावरून, आमच्या टोप्यांवरून ओघळलेलं सगळं खाली चाललं होतं, आणि पाण्यावर थेंबांचा नुसता सडा पडत होता. भाच्यानं शेवटी व्हिडिओ काढला तो त्याचाच. दोन मिनिटांचा. मग आम्ही तटाच्या आडोशाला बसून भडंग खाल्लं. ते तोपर्यंत चिवडा राहिलं नव्हतं, पोह्यांसारखं झालं होतं. पण कुरकुर कोणी केली नाही, भडंगानंसुद्धा.

उतरताना शिवारात चार-पाच बायका रोप लावत होत्या. पाठीवर प्लास्टिकची खोळ, घोट्याच्या वर चिखल. एक आज्जी कंबर सरळ करायला उभी राहिली आणि आमच्याकडे बघून म्हणाली,

"वर काय बघूलालाय ओ, एवढ्या पावसात?"

"काय दिसलं नाही बघा. सगळं धुकं."

"मग चांगलं की!" ती म्हणाली. "गड दिसत नाही तोवर आमचं बरं असतंय. दिसाय लागला की पाऊस पळालाच म्हणून समजायचं."

मी मागं वळून बघितलं. वारा पडला होता, आणि धुक्यातून तटाची एक कड हळूहळू वर येत होती. भाचा आनंदानं ओरडला, "मामा, दिसला! परत जायचं?" आज्जीनं मात्र कपाळावर हात आडवा धरून गडाकडे बघितलं आणि बाकीच्या बायांना हाक दिली, "आटपा गा लवकर, उघडूलालंय."

पुन्हा वाकायच्या आधी तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"ती छत्री मोडली काय ओ?"

"मोडली."

"मग ठेवून जावा की. बुजगावण्याला होतीया."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. "छत्री कुठं?" मी म्हटलं, येळ्ळूरच्या शिवारात कामाला लागली.