लिंबावरची ती पक्ष्याची शीट नव्हतीच

कोल्हापुरात जुलैत पाऊस लागला की आमच्या परड्यात सगळंच माजतं, लिंबू, कढीपत्ता, टोमॅटो, आणि अळ्या पण.

मागच्या वर्षी कुंडीतल्या लिंबाची कोवळी पालवी दोन दिवसांत साफ, नुसत्या काड्या उरल्या. मी तावातावानं दुकानात गेलो (आम्ही कोल्हापुरी बायका आलो-गेलोच म्हणतो, सवय करून घ्या) आणि म्हटलं जालीम काहीतरी द्या, त्यानं बाटली दिली, त्यानं काही सांगितलं नाही अन् मी पण विचारलं नाही, सरळ सगळ्या परड्यात फवारून टाकलं. अळ्या मेल्या की. पण वांग्याची पानं शिवून शिंपी पक्ष्यानं घरटं केलेलं, ती जोडी दिवसभर चोचीत अळ्या धरून पिलांकडं पळायची. तिसऱ्या दिवशी घरट्यात आवाजच नाही. फवारणीनंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार, पण ती बाटली परत उघडली नाही.

यंदा परत लिंबावर काळपट, मधे पांढरा डाग असलेलं काहीतरी दिसलं, मला वाटलं चिमणी शिटली. आई म्हणाली, "अगं हलतंय बघ ते." चार-पाच दिवसांत तीच अळी हिरवीगार झाली, काडीनं जरा डिवचलं तर डोक्यामागनं दोन नारिंगी शिंगं बाहेर आणि असला उग्र वास की मी हातच काढून घेतला. लिंबाचं फुलपाखरू! आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ ला जाहीर झालेलं ब्लू मॉर्मन, त्याच्या अळ्या पण लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतात. म्हणजे इतकी वर्षं मी काय काय चिरडलं देव जाणे.

मग लिंबावरच्या अळ्या पानासकट उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडल्या, बऱ्याच रुळल्या. लिंबाच्या रोपावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला. मोठ्या भोकांची नायलॉन जाळी मात्र नको, त्यात पाखरं अडकतात.

टोमॅटोवरची लष्करी अळी वेगळी, ती पतंगाची, तिचे लाड नाहीत. तिची अंडी पानामागं पुंजक्यानं असतात, वर भुरकट केस, ते पानच खुडायचं आणि साबणाच्या पाण्यात. मोठी अळी दिवसा मातीत लपते म्हणून रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बाहेर पडायचं, शेजारच्यांना वाटलं आमच्याकडं साप निघाला. अगदीच हाताबाहेर गेलं तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल, थोडा साबण, आणि तेवढ्याच रोपावर संध्याकाळी, मधमाशा गेल्यावर. अळी लगेच मरत नाही, तिचं खाणं मंदावतं, कात टाकता येत नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही म्हणून दुप्पट मारू नका. आणि डब्यावर 'जैविक' लिहिलंय म्हणून बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध) सगळीकडं मारायला जाऊ नका, ते पानाबरोबर पोटात जाऊन आतडं फाडतं आणि त्याला फुलपाखराची अळी अन् पतंगाची अळी यातला फरक कळत नाही.

आज सकाळी कढीपत्त्याच्या काडीला रिकामा कोष दिसला, कागदासारखा. पाखरू कधी उडालं कळलंच नाही. झाडाला पान मात्र शिल्लक नाही, आमटीसाठी कढीपत्ता शेजारच्या काकूंकडनं आणला.