डावी इटालियन, उजवी इंग्लिश

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की सिएनाजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये लगीनघाई असते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गायोले इन कियांतीला ‘लेरोइका’ भरते, जुन्या सायकलींची राइड. सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरचे खटके खालच्या नळीवर, पायडलला क्लिप आणि पट्टे, ब्रेकच्या वायरी हँडलच्या बाहेरून. मग वर्षभर भिंतीवर टांगलेल्या सायकली सगळ्यांना एकदम आठवतात.

गुरुवारी दुपारी एक इंग्रज गृहस्थ त्यांच्या वडिलांची निळी सायकल घेऊन आले. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये घेतलेली, पण फ्रेम इटालियन कारखान्याची, नळ्यांच्या सांध्यांवर क्रोम. तक्रार एकच : जोर लावला की खालून ‘टक’ वाजतं.

खालून म्हणजे बीबीतून, बॉटम ब्रॅकेटमधून. दोन क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, मधली आडवी नळी ती शेल. तिच्यात दोन्हीकडून आट्यांचे कप बसतात, मधे एक्सल, आणि दोन्हीकडे अकरा-अकरा छर्रे. डावा क्रँक काढला, लॉकरिंग सोडली, डावा कप हाताने फिरवत बाहेर घेतला. पुसून पाहिला तर कोरलेलं होतं, ‘३६ × २४’. इटालियन माप. झालं, विषय संपला, असं मला वाटलं.

इटालियन शेलची रुंदी ७० मिलिमीटर, आटे ३६ मिलिमीटरचे, इंचाला २४, आणि दोन्हीकडे सुलटे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळणारे. इंग्लिश शेल ६८ चं, आटे १.३७ इंचाचे, इंचाला तेवढेच २४, पण उजव्या कपाचे उलटे. उलटे असण्याला कारण आहे. क्रँक पुढे फिरतो तेव्हा छर्रे कपाला हळूहळू उलट्या दिशेने सरकवतात, त्यामुळे उजवीकडचा सुलट्या आट्यांचा कप आपोआप सैल व्हायला बघतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात तेही याच त्रासापायी. इटालियन लोकांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या सुलटे आटेच ठेवले आणि कप जिवाच्या आकांताने घट्ट केले. मला हा निव्वळ हट्ट वाटतो. वर्कशॉपच्या मालकांसमोर अजून बोललेलो नाही.

तर, इटालियन म्हणून उजव्या कपाला ३६ चा पाना लावला आणि सोडायला डावीकडे ओढला. हलेना. पान्यावर पाइप चढवला, पाय रोवून जोर दिला. पाना सटकला, कपाच्या कडेची चंदेरी साल निघाली आणि माझी बोटं चेनस्टेवर, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर, आपटली.

मालक पलीकडे चाकाच्या तारा ओढत होते. मान वर न करता म्हणाले, “मिझुरा.” मोज.

राग आला, कारण बरोबर बोलले होते. व्हर्नियर लावला : शेल ६८.२. म्हणजे इंग्लिश. मग हातातल्या कपाचे आटे मोजले : ३५.८. म्हणजे इटालियन. एकाच शेलमध्ये दोन देश. पुण्यात मामाच्या दुकानात काळ्या सायकलींचे उलट्या आट्यांचे कप मी शाळेत असल्यापासून सोडलेत. मामा म्हणायचा, “आधी बघ, मग पाना उचल.” मी कपावरची अक्षरं बघितली होती, शेल बघितलं नव्हतं.

टॉर्च घेऊन डाव्या भोकातून आत डोकावलो. डावीकडचे आटे जिथे संपत होते तिथे नखाला लागेल एवढी पायरी होती. पुढचं भोक बारीक. कधीतरी डावीकडचे मूळ आटे गेले असणार आणि कुणीतरी त्या एका बाजूला ३६ चा टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, मोठा कप बसवला होता. जमतं ते. दोन्हींचे आटे इंचाला २४, आणि इटालियन भोक मोठं, त्यामुळे खराब झालेले जुने आटे नव्या आट्यांत खाऊन जातात. इंग्लिश शेल असं वाचवता येतं. इटालियनचे आटे गेले की त्याच्यापुढे मोठं माप नाही.

मग उजवीकडचे आटे? जाड सुई घेतली, आतल्या बाजूला उजव्या कपापाशी उघड्या पडलेल्या आट्याच्या खाचेत टेकवली आणि घड्याळाच्या दिशेने फिरवली. सुलटे आटे असते तर सुई माझ्यापासून दूर गेली असती. ती माझ्याकडे आली. पुन्हा फिरवली, पुन्हा माझ्याकडेच. उलटे. म्हणजे मघापासून मी कप सोडत नव्हतो, आवळत होतो.

एक्सल तेव्हा कुठे नीट पुसला. ग्रीसच्या खाली ‘६८-एसएस’, म्हणजे ६८ च्या इंग्लिश शेलचा. आधी पुसला असता तर बोटं वाचली असती.

गंज सोडवायचं तेल घालून रात्रभर ठेवलं. शुक्रवारी सकाळी कपाच्या दोन सपाट कडा बाकावरच्या शिकंज्यात आवळल्या, फ्रेम आडवी, उजवी बाजू खाली. मालकांनी मागची नळी धरली, मी पुढची, आणि अख्खी फ्रेम घड्याळाच्या दिशेने फिरवायला लागलो. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा ‘कट्’ झालं आणि फ्रेम जात्यासारखी फिरली.

आतून निघालेल्या अकरा छर्‍यांपैकी एकाचे दोन तुकडे झाले होते. कपाच्या खोबणीला देवीचे व्रण पडावेत तसे खड्डे. हाच तो ‘टक’. इंग्लिश उजवा कप आमच्या खणात नव्हता. मालकांनी बिस्किटाच्या डब्यातून एक जुना शोधून काढला. आट्यांमधलं अंतर मोजणारा पिच गेज लावून पाहिलं, कारण उलटे आटे स्विस मापातही असतात, ३५ मिलिमीटरचे, आणि व्हर्नियरवर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. गेज २४ वर चपखल बसला.

संध्याकाळी गृहस्थ आले. मी सगळं समजावून सांगितलं. ते हसले, म्हणाले, “म्हणजे इटालियन आहे की नाही?”

मालक हात पुसत म्हणाले, “डाव्या पायाने आहे.”

मी एका चिठ्ठीवर दोन्ही बाजूंची मापं आणि दिशा लिहिल्या, ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि सीटच्या नळीत सरकवली. पैसे मालकांनी कप, छर्रे आणि एका दिवसाच्या मजुरीचे लावले. पहिल्या दुपारचे लावले नाहीत.