रात्री तीनची फेरी

चिऊ आज अकरा आठवड्यांची झाली. मार्चपासून इथे एक ओळ लिहिलेली नाही. मेसेज बरेच आले आणि बहुतेकांचा सूर एकच, अगं तू एवढ्या लांब, बर्फात, तान्हं बाळ घेऊन कशी राहतेस, आई जवळ नाही, बाई नाही, कोणी नाही. मी सगळ्यांना "मजेत" एवढंच उत्तर दिलं कारण एका हाताने तेवढंच टाइप होतं. आता ती झोपलीय, नवरा कुंपणाच्या कामाला गेलाय, तर जरा नीट सांगते.

आधी जागा सांगते. मोंटानात रॉकी पर्वत संपतो आणि सपाट गवताळ रान सुरू होतं, त्या पट्ट्यात आमचं रँच आहे. काळी अँगस गुरं, यंदा दोनशेच्या वर गायी गाभण होत्या. (हो, ही गुरं मांसासाठीच पाळतात, मला पहिल्या वर्षी हे खूप जड गेलं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) आम्ही राहतो ती केबिन नवऱ्याच्या पणजोबांनी बांधलेली. १९०९ च्या कायद्याने सरकार इकडे ३२० एकर जमीन देत होतं, राहून कसून दाखवा आणि घ्या, त्या लाटेत आलेली ही माणसं. ओंडक्यांच्या भिंती, दोन खोल्या, लाकडावरची लोखंडी शेगडी, विहिरीचं पाणी. सासू-सासऱ्यांचं घर दीड मैलावर. डांबरी रस्ता अकरा मैलांवर, म्हणजे साधारण १८ किलोमीटर, आणि मधला कच्चा रस्ता वारं सुटलं की बर्फाने भरून जातो.

आणि बाळंतपणाचं हॉस्पिटल दीड तासावर, ग्रेट फॉल्सला. जवळच्या गावात दवाखाना आहे पण तिथे आता बाळंतपणं करत नाहीत. ह्याचा मला नवव्या महिन्यात खरंच खूप राग यायचा, रात्री जाग आली की मी खिडकीतून रस्ता दिसतोय का तेच बघत बसायचे. शेवटी तारखेच्या पाच दिवस आधीच आम्ही शहरात जाऊन एका साध्या मोटेलमध्ये राहिलो, इकडच्या बऱ्याच बायका असंच करतात.

गायीचे दिवस साधारण २८३ आणि आपले २८०. म्हणजे १० जूनला कळपात वळू सोडले की २० मार्चच्या आसपास वासरं यायला लागतात, आणि पहिलारू कालवडींना दोन-तीन आठवडे आधीच वळू दाखवलेला असतो, कारण त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. त्यामुळे मी तीन दिवसांची चिऊ घेऊन घरी आले तेव्हा गोठ्यात बाळंतपणं जोरात सुरू होती. कालवडींना रात्री दर दोन-तीन तासांनी बघून यावं लागतं, कुणी अडलीय का, वासरू पायाळू येतंय का, व्यायल्यावर त्याला चाटतेय की सोडून निघून गेलीय. आणि चिऊला पाजायचं तेही दर दोन-तीन तासांनीच. बारा, तीन, पाच. माझा दिवा लागला की नवरा बूट घालायचा, तो परत आला की शेगडीत लाकूड टाकायचा, मला पाणी द्यायचा आणि गोठ्यातली बातमी सांगायचा. रात्री जागं राहणं म्हणजे आपल्यावर काहीतरी संकट आलंय असं त्या घरात कुणाला वाटतच नव्हतं, त्यामुळे मलाही वाटेनासं झालं. शहरातल्या माझ्या मैत्रिणी एकट्या अंधारात बसून रडल्याचं सांगतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आणि आपल्याकडे तेव्हा दुपारचे अडीच. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही, अपॉइंटमेंटच इतकी लांबची मिळाली, पण रात्री तीनला फलटणला आई जेवून हात पुसत व्हिडिओ कॉलवर हजर. तिने पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांचा आणि अळिवाचा डबा मी पोचेपर्यंत येऊन पडला होता. बाळगुटीही होती, पण मधात उगाळून द्यायची म्हणाली तिथे मी थांबवलं, कारण एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वावडिंगाच्या धुरीलाही नाही म्हटलं, शेगडीच्या धुराचीच इतकी काळजी असते की दोन्ही खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लावलेत. आई दोन दिवस गप्प गप्प होती. मग तेलाचं मात्र दोघींचं जमलं, रोज शेगडीपुढे चिऊच्या टाळूला तेल, आणि आई तिकडून "हळू गं, हळू".

पण मला मुख्य सांगायचंय ते चिकाबद्दल.

चिऊला पहिले दोन-तीन दिवस नीट ओढताच येत नव्हतं. मी घामाघूम, ती रडून लाल, आणि येतंय काय तर चार पिवळे थेंब. मला वाटलं झालं, मला दूधच नाही. आईशी बोलले तर ती म्हणाली तोच चीक, तोच द्यायचा, थेंब असू दे नाहीतर चमचा. मग म्हणाली की तिच्या आजीच्या वेळी तो पिळून टाकायचे आणि बाळाला मधाचं बोट चाटवायचे. मला हे माहीतच नव्हतं! ज्या घरात म्हशीच्या चिकाचा थेंब सांडू देत नाहीत, वेलची घालून खरवस वाफवतात, शेजारी वाट्या पाठवतात, त्याच घरात बाईचा चीक मोरीत.

सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या. चाळीस वर्षं ह्या बाईने गायी अडल्या की हात घालून वासरं सोडवलीत. त्यांनी मला एकही सल्ला दिला नाही, शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या की नव्या कालवडीच्या वासराला सड सापडत नाही तेव्हा आम्ही कालवडीला काही बोलत नाही, चीक काढतो, वासराला पाजतो, पुन्हा लावून बघतो. एवढंच. मग माझा पंप धुऊन दिला. मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. चौथ्या की पाचव्या दिवशी चिऊने नीट तोंड धरलं, कधी ते मला आठवतसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात एका रात्री पारा उणे २३ ला गेला. एकच्या फेरीला नवरा गेला आणि छातीशी वासरू धरून आत आला, एक कालवड आडोशामागे बर्फातच व्यायली होती. त्याने मला वासराच्या तोंडात बोट घालायला सांगितलं. वासराचं तोंड आतून गरम असतं, हे फ्रिजसारखं थंड होतं, जीभ हलत नव्हती. कानांची टोकं कडक. आम्ही त्याला बाथटबमध्ये कोमट पाण्यात धरलं, डोकं माझ्या हातावर, एका खांद्यावर झोपलेली चिऊ. सासूबाई फ्रीझरमधून गोठवलेल्या चिकाची पिशवी घेऊन आल्या. तो मायक्रोवेव्हला लावायचा नाही, उकळत्या पाण्यातही नाही, नाहीतर त्यातलं जे वासराला वाचवतं तेच मरतं. हाताला सोसेल अशा पाण्यात पिशवी फिरवत बसायची.

गायीच्या वारेतून आईच्या अँटीबॉडीज वासरापर्यंत जात नाहीत. वासरू अगदी कोरं जन्माला येतं, आणि त्याचं आतडं त्या चिकातून घेऊ शकतं ते फार तर पहिले २४ तास, त्यातही पहिले सहा तास खरे. माणसाच्या बाळाला आईकडून नाळेतून बरंच आधीच मिळालेलं असतं, आणि पहिल्या दिवशी त्याला एका वेळेला चहाचा चमचाभर पुरतं. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण खरं समजलं ते त्या टबाशेजारी. माझे चार थेंब काही कमी नव्हते. पावणेतीनच्या सुमाराला मी पुन्हा वासराच्या तोंडात बोट घातलं आणि त्याने ते ओढलं.

मार्चच्या शेवटी चिनूक सुटला, पर्वतावरून उतरणारं गरम वारं. इथल्या लोमा गावात १९७२ च्या जानेवारीत अशा वाऱ्याने २४ तासांत तापमान उणे ४८ वरून ९ अंशांवर नेलं होतं, आमच्याकडे तेवढं नाही पण एका रात्रीत अंगणातला बर्फ पाणी झाला. चिखल, आणि चिखलामागून वासरांना हगवण. तीन वासरं गेली. त्यातल्या एकीची आई दोन दिवस कुंपणाशी हंबरत उभी, कास तटतटलेली.

दुसऱ्या एका गायीला जुळं झालं होतं आणि ती एकालाच पाजत होती. तर नवऱ्याने मेलेल्या वासराचं कातडं काढलं, पायांना भोकं ठेवून, आणि ते ह्या नकोशा वासराला जॅकेटसारखं बांधलं. मी ट्रकमध्ये होते, चिऊ मागे कार सीटमध्ये, काच खाली केलेली. आजोळी वासरू मेलं की पेंढा भरून गायीपुढे ठेवायचे, ते मी लहानपणी बघितलंय आणि पळून गेलेय. ह्या वेळी बघत राहिले. त्या हंबरणाऱ्या गायीने आधी ढुशी मारली. वासरू पडलं, उठलं, पुन्हा मागच्या पायांशी गेलं. तिने त्याची शेपटी हुंगली, खूप वेळ हुंगली. मग घशातल्या घशात तो बारीक हुंकार सुरू झाला, गायी फक्त तान्ह्या वासराशी बोलताना काढतात तो, आणि तिने पाय फाकवून त्याला आत घेतलं. माझा स्वतःचा पान्हा तिथेच सुटला, स्वेटर भिजला.

त्या रात्री तीनला हे सगळं आईला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, नुसती ऐकत होती. चार दिवसांनी कातडं कापून काढलं तेव्हा मी पुन्हा बघायला गेले होते.

तेव्हापासून फोन उचलला की आई चिऊचं विचारायच्या आधी तेच विचारते, "पाजतेय ना गं ती अजून?"

पाजतेय, म्हणते मी, आणि फोन चिऊकडे फिरवते.