जुलैअखेरचा शनिवार : शिशुवर्गाची तयारी

शनिवार, संध्याकाळ. पाऊस धरून आहे.

मासेमारीबंदी संपत आली. १ जूनपासून किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या होड्या ३१ जुलैनंतर पुन्हा पाण्यात जातील आणि आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) रविवारच्या शिशुवर्गातल्या बऱ्याच मुलांचे बाबा पहाटेच घराबाहेर पडतील. म्हणून उद्याचा पाठ बायबलमधला मार्क ४:३५–४१ ठेवला आहे, येशू वादळ शांत करतो तो. होड्या जाण्याआधी, बाबा घरी असताना ही गोष्ट मुलांच्या कानावर पडलेली बरी.

आपल्या किनाऱ्यावर हा पाठ सोपा वाटतो. होडी म्हणजे काय हे इथल्या चार वर्षांच्या पोराला सांगावं लागत नाही. वल्हं, नांगर, शीड, इंजिन त्याला सगळं ठाऊक असतं आणि चित्रात काही चुकलं तर तेच आपल्याला सांगतं. पण अवघडही हाच पाठ आहे, कारण इथल्या मुलासाठी वादळ फक्त गोष्टीत नसतं. ३ जून २०२० चं निसर्ग किंवा मे २०२१ चं तौते चक्रीवादळ आजच्या तीन-चार वर्षांच्या मुलांनी पाहिलेलं नाही. तरी उडालेले पत्रे आणि फुटलेल्या होड्या यांच्या गप्पा घरात ऐकतच ती वाढली आहेत.

म्हणून गाणं, चित्र, खेळ हे सगळं नंतर. आधी वाक्य ठरवायचं. तीन ते सहा वर्षांचं मूल एका रविवारी एकच गोष्ट घरी नेतं, आणि ती कोणती हे आपण ठरवलं नाही तर मूल स्वतः ठरवतं. या पाठावर सहज तोंडी येणारं वाक्य म्हणजे ‘येशू वादळ थांबवतो’. ते मी घेणार नाही. त्या रात्री गालीलच्या समुद्रावर येशूने वादळ थांबवलं हे खरं आहे. पण ‘थांबवतो’ म्हटलं की मूल त्याचा अर्थ ‘नेहमी’ असा घेतं, आणि पुढे एखादी होडी परत आली नाही तर त्या मुलाच्या हाती दोनच निष्कर्ष उरतात : येशू खोटा, किंवा आपण प्रार्थना नीट केली नाही. शिशुवर्गात दिलेलं वाक्य मूल चाळीस वर्षांचं झाल्यावरही खरं राहिलं पाहिजे. उद्याचं वाक्य : ‘भीती वाटते तेव्हा येशू जवळ असतो.’ शिष्य घाबरले तेव्हा येशू त्यांच्याच होडीत होता, तेव्हा हे वाक्य पाठातूनच येतं.

गोष्ट सहा-सात मिनिटांची. चार वर्षांचं मूल एका जागी तेवढंच ऐकतं, तीन वर्षांचं त्याहून कमी. मार्कने दिलेले बारकावे लहान मुलांसाठीच दिल्यासारखे आहेत : संध्याकाळ झाली होती, बरोबर दुसऱ्याही होड्या होत्या, येशू उशी घेऊन झोपला होता. उशी खरी न्यायची. नाळेकडे नाही, होडीच्या मागच्या बाजूला ठेवायची. पोरं बघतात. शिष्यांना येशूने विश्वासाबद्दल जे विचारलं (वचन ४०) ते या वयाला सोडून द्यायचं. मोठ्यांना ते समजतं, लहानांना मात्र घाबरलं म्हणून रागावले एवढंच ऐकू येतं. मग ती भीती सांगायचीच बंद करतात.

गालीलचा समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचं तळं, सुमारे २१ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून खाली, भोवती डोंगर. डोंगरावरचा गार वारा एकदम खाली उतरतो आणि पाणी खवळतं. मुलांना हे सांगायचं नाही, पण शिकवणाऱ्याला माहीत हवं. एखादा बाबा मागे बसून ऐकत असतो आणि ‘आभाळ न भरता एवढ्यात कसं काय वादळ?’ हा त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो.

भाषा. गोष्ट मालवणीत, वचन पुस्तकी मराठीत. ‘येशू खय होतो?’ विचारलं की सगळे हात होडीच्या मागच्या बाजूला दाखवतात. ‘येशू कोठे होता?’ विचारलं की अंगणवाडीत जाणारी तेवढी बोलतात, तीन वर्षांची गप्प. वचन मात्र पवित्र शास्त्रात जसं आहे तसंच, कारण तेच पुढे उपासनेत कानावर पडणार आहे. ते तीन-चार शब्दांहून मोठं नको. ‘देव प्रीती आहे’ (१ योहान ४:८) महिनाभर चालवायचं. दर रविवारी नवं सुवचन दिलं तर महिनाअखेर एकही राहत नाही. प्रत्येक शब्दाला एक हातवारा, आणि तो चारही रविवारी तोच.

लाटांसाठी जुनं सहावारी पातळ, निळं असेल तर उत्तम. दोन्ही काठांना चार-चार मुलं, दोन्ही टोकांना एकेक मोठं माणूस. आधी ‘शांत हो!’ म्हटलं की थांबायचा सराव तीन वेळा करून घ्यायचा आणि लाटा त्यानंतरच. उलट केलं तर लाटा एवढ्या रंगतात की थांबायचा क्षण, म्हणजे पाठाचा गाभाच, गलक्यात हरवतो. दिवे घालवायचे नाहीत, पत्रा वाजवून गडगडाट करायचा नाही. एखादं मूल मागे सरलं तर त्याला ओढायचं नाही. ते मावशीच्या मांडीवर बसून बघेल, त्याचाही पाठ तोच आहे. कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आवाज चढवू नये. गोष्ट तिथेच थांबवून बोटांनी जमिनीवर पाऊस वाजवायचा, सर ओसरली की पुढे. वीज गेली तर बॅटरीचा दिवा, मेणबत्ती नाही.

जाळ्याचा तुकडा दाखवायला एखाद्या बाबांना बोलवायचं हे दोन महिन्यांच्या बंदीत सहज जमतं, पुढे जमणार नाही. तंगूसाचं (नायलॉनच्या धाग्याचं) जाळं मुलांच्या हातात नको. बारीक धागा बोट कापतो, आणि गळ्यात अडकायला एक क्षण पुरतो. बाबांनी स्वतः धरावं, मुलांनी बोट लावून बघावं. ऑगस्टपासून पुरुष मदतनीस कमी होतात, त्यामुळे पुढच्या पाळ्या आज रात्रीच आज्या आणि कॉलेजातली मुलं-मुली यांच्यात वाटून टाकायच्या. नव्या मदतनिसाला एकच सूचना : भिंतीला टेकून उभं राहायचं नाही, मुलांमध्ये खाली बसायचं. उभी माणसं पहारा देतात, बसलेल्या माणसाच्या मांडीवर मूल येतं.

आता हस्तकला. पावसाळ्यात यातलं निम्मं बिघडतं. मळलेला गोळा : दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर हळद, पाणी पाऊण वाटी आणि तेही थोडं थोडं. उन्हाळ्यात वाटीभर पाणी लागतं, पण मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि रात्रभरात गोळा पाझरून हाताला चिकटतो. म्हणून आज मळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, सकाळी सैल वाटला तर मूठभर मैदा. केलेल्या होड्या वाळणार नाहीत हे आधीच धरून चालायचं. सुपारीच्या विरीच्या (झावळीच्या बुडाच्या रुंद आवरणाच्या) तुकड्यावर ठेवून ओल्याच घरी पाठवायच्या. मीठ भरपूर असल्याने गोळा खायचा नाही, हे मदतनिसांनाही सांगायचं. चिकटवायची खळ आदल्या दिवशीचीच हवी : मोठा चमचाभर मैदा, अर्धी वाटी पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. बुरशी लागू नये म्हणून बायंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत तो कधीही नको. उरलेली खळ फेकून द्यावी.

मोजायला, चिकटवायला शिंपल्या आणि चिंचोके आणायची आपल्याकडे सवय आहे. सव्वा इंच व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नये. ती घशात अडकते. चिंचोके, मणी, लहान शिंपल्या सगळ्या यात आल्या. करवंट्या आणि मोठे शिंपले चालतील, कडा घासून घ्याव्यात. गुंजा तर वर्गात आणूच नयेत. दिसायला त्या फार गोड, पण गुंज चावली गेली तर जिवावर बेततं. खाऊलाही तोच नियम : शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नाहीत. केळ्याच्या फोडी किंवा शिरा. शेंगदाणा, कोळंबी, दूध यांतलं काही सोसत नाही का, हे नाव नोंदवतानाच आईला विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवायचं.

खोली उद्या पाऊण तास आधी उघडायची. गुंडाळलेल्या चटया आत नाही, व्हरांड्यात झटकायच्या. या दिवसांत गुंडाळीत गोम, विंचू येऊन बसतात. लाद्यांना घाम सुटतो, तेव्हा कोरड्या फडक्याने दोनदा पुसून खाली प्लास्टिकची चटई, वर सतरंजी. फिनेलची बाटली कुलपात. विहिरीची जाळी आणि फाटकाची कडी हात लावून तपासायची, नुसती नजर टाकून नाही. न्हाणीतली बादली उपडी करून ठेवायची, कारण टेकून डोकावणारं लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

मुलांसोबत प्रत्येक क्षणी दोन मोठी माणसं, शक्यतो एकाच घरची नसलेली. पाच-सहा मुलांमागे एक. मुलाला शौचाला एकाने नेताना दुसऱ्याने दिसेल असं उभं राहायचं, बाहेरचं दार अर्धं उघडं. हा नियम पाळकांनाही, आजीबाईंनाही. ‘आपल्या मंडळीत असं काही होत नाही’ म्हणून तो सैल करणाऱ्याला वर्ग द्यायला माझी तयारी नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) अशा अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. मंडळीत बसून मिटवायची ती बाब नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावला आहे.

दारातली खुंटी आणि मुलाचं कार्ड, दोन्हींवर एकच चित्र : मासा, नारळ, कावळा, छत्री. वाचता न येणारं मूल आपला रेनकोट स्वतः टांगतं. कार्डाचा दुसरा अर्धा भाग आई-बाबांकडे, आणि तो दाखवेल त्याच्याच हाती मूल द्यायचं, ओळखीचा काका असला तरी. रडणाऱ्या नव्या मुलाची आई वर्गात बसेल. तिने नजर चुकवून निघून जायचं नाही. मुलाला सांगून, हात हलवून जायचं, रडलं तरी. गुपचूप गेलेली आई मूल पुढचे कित्येक रविवार दारात शोधत राहतं.

आज रात्रीचं राहिलेलं काम फोनचं. ज्या घरातलं कोणी समुद्रावरून परत आलेलं नाही, त्या घरच्या आईला उद्याची गोष्ट आधी सांगायची. ती म्हणाली ‘नको’, तर ते मूल गोष्टीच्या वेळी मावशीबरोबर व्हरांड्यात गोळा मळेल. ती म्हणाली ‘चालेल’, तरी मुलाचा प्रश्न येणारच : माझ्या आजोबांना का नाही वाचवलं? मदतनिसांना उत्तर आजच लिहून द्यायचं, कारण त्या क्षणी सुचतं ते बहुधा चुकीचं असतं. ‘देवाला ते हवे होते’ म्हणायचं नाही, त्याने मूल देवालाच घाबरतं. ‘मला ठाऊक नाही. येशूचा मित्र मेला तेव्हा येशू रडला होता. तुला रडायचं असेल तर माझ्याजवळ बस.’ योहान ११:३५ हे वचन दोन शब्दांचं आहे, ‘येशू रडला’. मुलाने विचारलं तर त्याला तेही सांगायचं.

प्रवचन लांबलं तर पंधरा मिनिटांचं काम हाताशी हवं. पातळ आहे, गोळा आहे, गोष्ट पुन्हा मुलांकडूनच सांगून घेता येते. या वेळी उशीवर झोपायची पाळी त्यांची.