सड्यावरच्या नावांची वही

राजापूर तालुक्यातील आमच्या गावाच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा, म्हणजे उघडे कातळी पठार, आहे. छापील नकाशावर तो जवळजवळ कोराच दिसतो. गेली दोन वर्षे गावी गेलो की त्या कोऱ्या जागेतील नावे मी एका वहीत लिहून घेतो आणि मोबाइलवर त्या त्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश टिपतो. हा जमिनीचा दलाल तर झाला नाही ना, अशी शंका पहिल्या वर्षी अनेकांना आली, आणि सध्याचे दिवस पाहता ती गैर नव्हती.

सुरुवात सातबाऱ्यापासून केली, कारण त्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकानाच असतो. मात्र आमच्या बहुतेक उताऱ्यांत तो रिकामा निघाला आणि जिथे भरलेला होता तिथेही घोटाळा होता. ‘गोठणीचा मळा’ हे आमचे भाताचे ठिकाण उताऱ्यावर ‘गोठणीचा माळ’ झाले आहे. एक काना एक अक्षर अलीकडे सरकला आणि ओलाव्याची शेती कागदावर ओसाड झाली. गोठण म्हणजे गुरे दुपारी विसावतात ती जागा. ज्या ‘देवाचे गोठणे’ गावचे कातळशिल्प २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहे, त्याच्या नावातही हाच शब्द असावा.

मग आबांना गाठले. ओटीवर बसून त्यांना चार-पाच नावांपलीकडे काही आठवेना. “इथे बसून कसं सांगू? वर चल,” असे म्हणून ते काठी घेऊन निघाले आणि पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढू लागताच एकामागून एक नावे येऊ लागली. विसाव्याची धोंड म्हणजे डोक्याएवढ्या उंचीचा, वरून सपाट असा चिरा आहे. लाकडाचा भारा घेऊन उतरणाऱ्या एकट्या माणसाला कोणाच्याही मदतीशिवाय भारा तिथे टेकवता यावा आणि पुन्हा डोक्यावर घेता यावा, एवढीच त्याची उंची. आबांनी मान वाकवून, रिकाम्या डोक्यानेच ते करून दाखवले. पुढचा पायरीचा आंबा मे २०२१ च्या तौक्ते वादळात उन्मळून पडला, तरी वाट सांगताना लोक अजून ‘आंब्याकडून वळा’ असेच म्हणतात. वहीत मी लिहिले: झाड नाही, नाव आहे.

सड्यावरच्या एकाच तळीला आमची वाडी ‘वरची तळी’ म्हणते, तर डोंगराच्या धारेपलीकडची वाडी ‘खालची’. दोन्ही नावे ठेवली. वाड्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा डिसेंबर २०२० चा सरकारी निर्णय मला योग्य वाटतो, म्हणून नकाशावर नवीच नावे घातली. जुने दस्त जुळवण्यापुरती जुनी नावे वहीच्या शेवटच्या पानावर आहेत.

वही भरत आली असे वाटत असताना काकी म्हणाल्या, “पाण्याचं काय लिहिलंस?” पुरुषांनी शेते, बांध आणि हद्दीचे गडगे सांगितले होते, झरे कोणीच नाही. काकींनी भाजी निवडता निवडता सात झऱ्यांची नावे ओळीने सांगितली. त्यांतली दोन आबांनीही कधी ऐकली नव्हती. येत्या मे महिन्यात, त्या दोन्हींना तेव्हाही पाणी असते का हे पाहायला, मी काकींबरोबर जाणार आहे.