ठाण्यातली दोन चर्च आणि ईशज्ञानाची पदवी

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून तलावपाळीकडे चालत गेले की सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे आवार लागते आणि तिथून कोर्टनाक्याकडे गेले की सेंट जेम्स चर्च. धर्मगुरू घडवणारे शिक्षण आपल्या विद्यापीठांच्या बाहेर कसे राहिले, हा इतिहास या दोन वास्तूंच्या सोबतीने समजून घ्यावा असे बरेच दिवस मनात होते. एका रविवारी सकाळी ते जमले.

ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांहूनही जुना आहे. १३२१ मध्ये टॉलेंटिनोचे फ्रान्सिस्कन मिशनरी थॉमस आणि त्यांचे तीन सोबती इथेच मारले गेले. त्या काळी युरोपात ईशज्ञान, म्हणजे ईश्वर आणि धर्मश्रद्धेचा पद्धतशीर अभ्यास (थिऑलॉजी), विद्यापीठात शिकवले जाई आणि पॅरिस त्यासाठी नावाजलेले होते, परंतु खेड्यापाड्यांतले बहुसंख्य धर्मगुरू त्या शिक्षणापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांताने स्वतःची सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, काढावी असे ठरवले. मिस्सा संपल्यावर आवारात भेटलेल्या एका वयस्कर ईस्ट इंडियन काकांचा पुतण्या गोरेगावच्या सेमिनरीत शिकला आहे. ते म्हणाले, "आधी तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान, मधल्या काळात पॅरिशमध्ये काम. डिग्री नंतरची गोष्ट, बाळा. तिथे आधी माणूस पारखतात." ट्रेंटच्या निर्णयामागचा हेतू याहून नेमका मला सांगता आला नसता.

प्रोटेस्टंट पंथाच्या सेंट जेम्स चर्चचा समर्पणविधी १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते झाला. हेबर ऑक्सफर्डचे विद्यार्थी, आणि ऑक्सफर्डमध्ये १८५४ पर्यंत प्रवेशाच्या वेळीच चर्च ऑफ इंग्लंडची श्रद्धेविषयीची ३९ कलमे मान्य असल्याची सही द्यावी लागे. तिथे चर्च आणि विद्यापीठ वेगळे काढणेच शक्य नव्हते. हिंदुस्थानात तसे विद्यापीठ नव्हते. हेबर यांच्या आधीचे बिशप मिडलटन यांनी १८२० मध्ये हुगळीकाठी शिबपूरला बिशप्स कॉलेजची पायाभरणी केली, ती इथल्या मिशनसाठी उपदेशक आणि शिक्षक तयार व्हावेत म्हणून. पुढे मायकेल मधुसूदन दत्त याच कॉलेजात शिकले.

मला मात्र जास्त ओढ आहे ती त्याच नदीवरच्या श्रीरामपूरची. आपल्या भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापणारे विल्यम कॅरी यांनी मार्शमन आणि वॉर्ड यांच्या साथीने १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढले, आणि कोणत्याही जातीधर्माच्या विद्यार्थ्याला त्याची दारे उघडी ठेवली. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. १८२७ मध्ये राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८४५ मध्ये इंग्रजांनी ते गाव विकत घेतले तरी सनद शाबूत राहिली. तिच्या बळावर ईशज्ञानाच्या पहिल्या पदव्या मात्र १९१५ मध्ये दिल्या गेल्या आणि १९१८ च्या कायद्याने त्या व्यवस्थेला पक्के रूप आले.

सनदेची एवढी किंमत का, हे हिंदुस्थानातल्या शिक्षणाचे सरकारी धोरण ठरवणाऱ्या १८५४ च्या वुडच्या खलित्यावरून कळते. नव्या विद्यापीठांच्या परीक्षांत धर्मश्रद्धेशी संबंधित विषय नसावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ याच धोरणातून, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. इतक्या धर्मांच्या देशात सरकारने हात आखडता घेणे योग्यच होते, असे मला वाटते. त्यात नुकसानही झाले, आणि ते बोलून दाखवले पाहिजे: फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणापासून रेव्हरंड टिळकांच्या अभंगांपर्यंतचा मराठी ख्रिस्ती विचार साहित्याच्या वर्गात थोडाफार आला, पण ईशज्ञान म्हणून त्याचा कस विद्यापीठात लागला नाही. ते काम सेमिनऱ्यांच्या भिंतींआड राहिले आणि बहुतांशी इंग्रजीतून झाले.

दुपारी बाळकुमला विद्यापीठाच्या उपकेंद्रापर्यंत जाऊन आलो. कोर्टनाक्यापासून ते फार दूर नाही. तरीही सेंट जेम्समधल्या एखाद्या तरुणाला पाळक व्हायचे असेल तर त्याला पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी जावे लागेल आणि त्याच्या पदवीवर नाव असेल श्रीरामपूरचे. शिबपूरच्या जुन्या बिशप्स कॉलेजच्या जागेत आता अभियांत्रिकी शिकवतात. पुढचा प्रवास हुगळीकाठचा करायचा, दोन्ही कॉलेजे एकाच फेरीत पाहायची, असे ठरवले आहे.